वाढलेली बॅटरी

शोभनाकाकू टिल्लूंच्या घरी चार वर्षं एक दिवा जळत होता. तेलाचा नव्हे. हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमचा. मोहरीएवढा, नारिंगी. तो हळूहळू उजळायचा आणि हळूहळू मंद व्हायचा. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा.

गेम ऋग्वेदचा होता. ऋग्वेद काकूंचा मुलगा आणि माझा मित्र. डिसेंबरातल्या एका दुपारी तो खेळत बसला होता. खालून मित्रांनी हाक मारली. इंदूरजवळ सांवेरला कुणाचं तरी लग्न होतं. त्याने खेळ मधेच थांबवला, गेम टेबलावर ठेवला आणि गेला. परतताना अंधार पडला होता. सांवेरच्या रस्त्यावर भुशाची एक ट्रॉली उभी होती. तिच्या मागे दिवा नव्हता.

हा गेम बटण दाबलं की बंद होत नाही, नुसता झोपतो. पडदा काळा होतो, पण आत खेळ जिथे थांबवला तिथेच थांबून राहतो. वीज मिळते आहे तोवर. कधीही जागा केला की तोच क्षण पुन्हा समोर. वीज तुटली की तो क्षण गेला.

ऋग्वेदने थांबवला तो क्षण असा होता. निळ्या सदऱ्यातला एक माणूस कड्यावर चढतो आहे. त्याचा पाय निसटला आहे. एका हाताने त्याने खडकाची कड धरली आहे. खाली धुकं आहे.

तो माणूस चार वर्षं लटकत होता.

काकू मूळच्या मिरजेच्या. लग्न होऊन इंदूरला आल्या. यजमान, अरविंदकाका, स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात होते. मुलं लहान असतानाच ते वारले. त्यांच्या जागी अनुकंपेवर काकूंना घेतलं. जी बाई तोवर बँकेची पायरी चढली नव्हती ती गोणपाटात गुंडाळलेल्या मोटरसायकली, लिंबांच्या टोपल्या आणि लोखंडी पेट्यांमध्ये उभी राहून हमालांशी बोलू लागली. इंदुरात टिल्लू म्हणजे नळाला लावायचा छोटा पंप. हमालांना हे आडनाव फार आवडलं. एक जण म्हणाला होता, "मैडमजी, नाम टिल्लू, पर प्रेशर पूरा." हा विनोद काकू स्वतः सांगायच्या आणि सांगून झाला की स्वतःच आधी हसायच्या.

न सोडवलेल्या मालाचा त्यांना राग होता. एखादी पेटी कोपऱ्यात पडून राहिली की त्या मालकाला फोन करायच्या. पुन्हा करायच्या. साहेब म्हणायचे, नियमाने होईल ते होईल. काकू म्हणायच्या, ज्याचं त्याने न्यावं, इथे पडून त्याचं काय होणार?

चपला दाराबाहेर काढाव्यात तशी त्या हिंदी बाहेर काढून घरात यायच्या. घरात मिरजेची मराठी. मुलांनी मात्र चपला घालूनच घरभर फिरायचं ठरवलं होतं. स्वानंदी, ऋग्वेदची धाकटी बहीण, म्हणायची, "आई, मी भाजी कट केली." काकू म्हणायच्या, "चिरली." स्वानंदी म्हणायची, "वही ना. कट तो गई." काकू माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारायच्या. मी मराठीत एम.ए. केलेलं. त्यामुळे माझी बाजू ठरलेली. "एवढं शिकून निदान माझ्याशी बोलायला तरी आलास," त्या म्हणायच्या. त्या पदवीचा याहून मोठा उपयोग मला अजून कुणी सांगितलेला नाही.

काही शब्द त्या घरात उच्चारायचे नसत. मीठ संपलं असं म्हणायचं नाही, मीठ आणायला हवं म्हणायचं. तिन्हीसांजेला कुणी 'मेलो रे' म्हणून अंग टाकलं की त्या लगेच दुरुस्त करायच्या. दमलो म्हण. ऋग्वेद मुद्दाम म्हणायचा. पुढे म्हणायला तो राहिला नाही, आणि काकूंनी तो शब्द दुरुस्त करणंही सोडलं.

तो गेल्यावर मी रविवारी जाऊ लागलो. काकू चहा करायच्या. मग आम्ही बाहेरच्या खोलीत बसायचो. ऋग्वेदच्या खोलीचं दार उघडं असायचं. टेबल तिथून दिसायचं. टेबलावर गेम, वायर, आणि वर भिंतीवर त्याचा फोटो. संध्याकाळ झाली की फोटोच्या काचेत तो नारिंगी ठिपका उमटायचा. उजळायचा, मंद व्हायचा. हनुवटीच्या जरा खाली. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बोलता बोलता थांबलो. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. मी काय पाहतो आहे ते त्यांना माहीत होतं. त्यांची खुर्ची नेहमी त्या दाराकडे पाठ करून असायची.

गेमवर कधी कधी एक रुमाल असायचा, कडेला क्रोशाची वेल असलेला. कधी नसायचा. एकदा मी सहज विचारलं. काकू म्हणाल्या, दुपारी त्या झाकतात. संध्याकाळी पाहावं तर उघडा असतो. कोण काढतं, मी विचारलं. "विचारलं नाही मी," त्या म्हणाल्या. मग कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, "त्याला झोपताना तोंडावरून पांघरूण चालायचं नाही."

आणि आत गेल्या. मी पुष्कळ वेळ दाराकडे न बघता बसलो.

त्या दिव्यासाठी घरात इन्व्हर्टर आला. धुणंभांडी करणाऱ्या द्वारकाबाईंना सांगितलं होतं की त्या टेबलाला फडकं लावायचं नाही. मिरजेला काकूंच्या भाचीचं लग्न झालं, काकू गेल्या नाहीत. घर कुणावर टाकू म्हणाल्या. स्वानंदी शिकून इथल्याच एका आयटी ऑफिसात लागली. पुण्याहून दोनदा नोकरीचं बोलावणं आलं. दोनदा ती नाही म्हणाली. का, ते कुणी विचारलं नाही. आईला त्या खोलीशेजारी एकटं कोण ठेवणार?

मला सगळं समजत होतं असं मला वाटत होतं. आई सोडायला तयार नाही. मुलगी आईसाठी अडकली आहे. कुणालाही असंच वाटलं असतं.

या मार्चमध्ये पुण्याहून तिसऱ्यांदा पत्र आलं. त्याच आठवड्यात स्वानंदीचा मला फोन आला. गेमची पाठ उचलली गेली होती. मागचं झाकण बसत नव्हतं. "दादा, बैटरी फूल गई है," ती म्हणाली. तिचा आवाज दबका होता. पुण्याचं काय, मी विचारलं. ती म्हणाली, पहिले हे. बॅटरी बदलताना गेम बंद पडला तर आईचं काय होईल, याचा विचार करून तिला झोप येत नव्हती. बंद पडू द्यायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

जेल रोडवर एका दुकानात मला तसली बॅटरी मिळाली. दुकानदाराने समजावलं. आधी गेम पूर्ण बंद करा, मग जुनी काढा. मी म्हणालो, बंद करता येणार नाही, चालू ठेवूनच बदलायची आहे. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "भिया, ऑपरेशन में भी आदमी को बेहोश करते हैं," तो म्हणाला. "ये कौन है जिसको होश में रखना है?" मी हसलो. तो हसला नाही. त्याने सांगितलं, चार्जर लावलेला ठेवला तर बॅटरीवाचून तेवढा वेळ निघेल. बहुतेक निघेल. वायर हलू देऊ नका. फुगलेलीला टोचू नका, दाबू नका.

रविवारी सकाळी मी गेलो. स्वानंदीने तयारी केली होती. टेबल पुसलेलं. चार्जर इन्व्हर्टरच्या बोर्डात. वायर टेबलाला चिकटपट्टीने चिकटवलेली. बाल्कनीतल्या कुंडीत कोरडी वाळू भरून आणलेली, जुनी बॅटरी ठेवायला. तिने व्हिडिओ पाहिले होते. मीही पाहिले होते. दोघांनी पाहिलेले व्हिडिओ एकमेकांशी जुळत नव्हते.

काकू मेथीची जुडी आणि ताट घेऊन उंबऱ्याशी बसल्या. खोलीत आल्या नाहीत. बाहेरही राहिल्या नाहीत. मी म्हणालो, काकू, थोडा वेळ लागेल. त्या म्हणाल्या, लागू दे, मला कुठे गाडी पकडायचीय. त्या मेथी निवडत राहिल्या. पानं ताटात, देठ मांडीवरच्या कागदावर.

मी गेम पालथा केला. झाकण जवळजवळ सुटलेलंच होतं. प्लास्टिकची पट्टी घालून ते बाजूला केलं. आतली बॅटरी चपटी राहिली नव्हती. भाजताना पापडाला फोड यावा तशी मधोमध टम्म झाली होती. तिने आतून झाकण ढकललं होतं. इतके दिवस, थोडं थोडं. तिला स्पर्श केला तर कोमट लागली. मला हात मागे घ्यावासा वाटला.

पट्टीने कड उचलली. ती एका बाजूने सुटली, मग पूर्ण सुटली. स्वानंदीने श्वास धरला होता. मी गेम जरासा तिरका करून पाहिलं. नारिंगी दिवा जळत होता. बॅटरीवाचून, नुसत्या वायरीवर.

मी बॅटरी चिमटीत धरून वर केली, काकूंना दाखवायला. बोलायला काहीतरी हवं होतं म्हणून बोललो.

"काकू, चांगलीच वाढलीय."

काकूंचे हात थांबले.

"वाढली?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

त्यांनी मेथीची काडी खाली ठेवली. डोळे मिटले. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आपली आपण वाढली. सुटला बिचारा."

मी त्यांचा चेहरा इतका सैल कधी पाहिला नव्हता.

स्वानंदी म्हणाली, "आई, काय बोलतेस? बॅटरी फुगलीय फक्त. गेम चालू आहे. बघ, लाइट आहे."

काकूंनी डोळे उघडले. दिव्याकडे पाहिलं. तो उजळत होता. त्यांचा चेहरा पुन्हा रोजचा झाला.

"मग सुशांत वाढली का म्हणाला?"

"मोठी झाली म्हणून म्हणाला. और क्या म्हणणार?" स्वानंदी माझ्याकडे वळली. "दादा, वाढली म्हणजे सुटला कसं?"

मी तिला सांगू लागलो. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मंगळसूत्र तुटलं तर ते वाढतं. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून उलटा शब्द. जुने लोक दिवाही विझवत नाहीत, वाढवतात. हिंदीतही आहे हे, मी म्हणालो. सियागंजातले जुने व्यापारी रात्री दुकान बंद करत नाहीत. चलो, दुकान बढ़ाओ म्हणतात. मी वर्गात शिकवावं तसा बोलत होतो. उदाहरणं छान सुचत होती.

बोलता बोलता पाहिलं तर स्वानंदी माझ्याकडे पाहत नव्हती. ती आईकडे पाहत होती.

"आई," ती म्हणाली, "तेराव्याला तू मला काय बोलली होतीस?"

काकूंनी ताटातलं मेथीचं एक पान उचललं. ते त्यांनी पुन्हा पुन्हा दुमडलं.

मग ते थोडं हिच्याकडून, थोडं तिच्याकडून बाहेर आलं.

ऋग्वेदला आणून ठेवलं होतं त्या जागी, त्याच खोलीत, दहा दिवस पिठावर दिवा ठेवला होता. काकू त्यात तेल घालत होत्या. तो शांत होऊ द्यायचा नसतो. तेराव्याला गोडाचं जेवण झालं. माणसं गेली. तेलाचा दिवा तोवर उचललेला होता. खोलीत काळोख झाला आणि काळोखात टेबलावरचा तो नारिंगी ठिपका दिसू लागला. काकू बाहेरच्या पलंगावर पडल्या होत्या. तिथून त्या म्हणाल्या, "स्वानंदी, तोही वाढव गं आता."

स्वानंदी तेव्हा बारावीत होती. तिला दोन वाढणं माहीत होती. एक ताटात वाढणं. दुसरं मोठं होणं. दहा दिवस तिने आईला दिव्यात तेल वाढताना पाहिलं होतं. तिला वाटलं, त्याला तेल घातलं, आता याची पाळी. तिने ऋग्वेदची बॅग उपसली. चार्जर शोधला. वायर लावली. "हो," ती म्हणाली, "वाढवला."

काकूंनी पलंगावरून पाहिलं. पोरगी अंधारात वायर शोधते आहे, हळूच लावते आहे, लावून तिथेच उभी राहते आहे. त्यांना वाटलं, हिची तयारी नाही. हिला भाऊ सोडवत नाही. असू दे. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर चार वर्षं. इन्व्हर्टर. मिरज. पुणं.

आमच्या घरी आई अजून जेवताना विचारते, भात वाढू का? मी दचकतो. तिला कारण सांगितलेलं नाही.

"सरळ बंद कर म्हणता येत नव्हतं?" स्वानंदीने विचारलं. ती ओरडली नाही.

"तेराव्याच्या दिवशी? या घरात? बंद कर, असं मी म्हणू?"

"मला नाही समजत गं तुझी मराठी. तुला माहीत होतं ना."

"मला कुठे माहीत होतं? तू हो म्हणालीस. तू नेहमी हो म्हणतेस."

स्वानंदी टेबलाशी खाली बसली. बसताना तिने वायरीला धक्का लागू दिला नाही. ही सवय होती. मला ते पाहवलं नाही.

थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, "आणि रुमाल?"

"रुमाल काय?"

"रुमाल तू काढायचीस?"

"गरम होतं ना त्याने. ऑफिसातून आले की काढायची. मला वाटायचं तू त्याला पांघरूण घालतेस. म्हणून कधी बोलले नाही."

"तो मला दिसू नये म्हणून घालायची मी," काकू म्हणाल्या. त्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली. पलंग, टेबल, फोटो. कुणी तरी होतं आणि आता उठून गेलं, अशी. "म्हणजे तूच," त्या म्हणाल्या.

त्या दोन शब्दांत सुटका नव्हती. त्यांच्याजवळचं शेवटचं काहीतरी आम्ही त्या सकाळी काढून घेतलं होतं.

नवी बॅटरी माझ्या हातात होती. गेम पालथा, पोट उघडं, वायरीवर. मी विचारलं, बसवू का? रस्त्यावरून भंगारवाला गेला. त्याची हाक लांब गेली.

"दादा," स्वानंदी शेवटी म्हणाली, "वायर तू खेच. माझ्याने नाही होणार."

मी बोर्डाकडे हात नेला.

"थांब," काकू म्हणाल्या. "असा नको. असा लटकता ठेवून नको."

त्या उठल्या. मांडीवरचे देठ फरशीवर सांडले. त्या खोलीत आल्या, टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, दाखव. मी गेम सुलटा करून त्यांच्यापुढे धरला. कळ सरकवली. पडदा उजळला. निळा सदरा, एक हात, खडक, धुकं. काकूंनी हे पूर्वी एकदा पाहिलं होतं, ओझरतं. आता त्या पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की याला खाली कसं उतरवायचं.

हा गेम मी ऋग्वेदबरोबर खेळलो होतो. सिमरोलच्या कॅम्पसमध्ये तो लॅबमध्ये कामाला होता तेव्हा, बसची वाट पाहत, पाळीपाळीने. मला तो कडा माहीत होता. मी खरं ते सांगितलं. तिथून खाली उतरता येत नाही. वरची कड तुटकी आहे. हात घातला की निखळते. तिथून वर जाताना ऋग्वेदला मी कधी पाहिलं नव्हतं, मलाही जमलं नव्हतं. आणि आणखी एक. उजवीकडचं गोल बटण दाबून धरलं तरच तो माणूस लटकून राहतो. बोट उचललं की पडतो. ऋग्वेदने बोट दाबलेलं असताना खेळ थांबवला होता. आता बोट न लावता खेळ सुरू केला तर तो त्याच क्षणी पडेल.

"म्हणजे थांबवून ठेवला म्हणून पडला नाही," काकू म्हणाल्या.

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी पदराला हात पुसले. गेम दोन्ही हातांत घेतला. बटण कुठलं ते मला दाखवायला सांगितलं, आणि त्यावर अंगठा ठेवला. जोरात. "स्वानंदी," त्या म्हणाल्या, "सुरू कर."

स्वानंदी उठली. तिला नको होतं. तरी उठली. मला कळलं, कसं सुरू करायचं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आई ऑफिसात असताना तिने किती वेळा तो पडदा जागा केला असेल आणि त्या बटणापाशी बोट नेऊन परत घेतलं असेल, ते तिचं तिला माहीत. तिने आईच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि दाबलं.

आवाज आला. आम्ही तिघंही हललो. आवाज असेल हे कुणाच्या लक्षात नव्हतं. ऋग्वेदने तो मोठा ठेवला होता, नेहमीसारखा. ढोल वाजत होता, वारा होता, आणि त्या माणसाचं धापा टाकणं. चार वर्षांत त्या खोलीत इतका मोठा आवाज झाला नव्हता. माणसाचे पाय हवेत झुलू लागले. सदरा फडफडू लागला.

काकूंचा अंगठा सुटला नाही.

"पाय हलतायत," त्या म्हणाल्या.

त्या धरून राहिल्या. मला वाटलं होतं, एकदा पाहतील आणि सोडतील. स्वानंदीलाही तसंच वाटलं असणार. त्यांनी सोडलं नाही. माणूस झुलत होता, धापा टाकत होता. काकूंचा अंगठा पांढरा पडला. चार वर्षं ज्या बाईला हे वाढवायचं होतं तिच्याच्याने आता बोट उचलवत नव्हतं. स्वानंदी म्हणाली, आई, मी धरू का थोडा वेळ? काकूंनी मान हलवून नको म्हटलं. नजर पडद्यावरून काढली नाही.

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मला इतके शब्द येतात, त्यातला एकही त्या खोलीत चालण्यासारखा नव्हता.

काकू पुढे झुकल्या. पडद्याच्या इतक्या जवळ की त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली. ढोलाच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. स्वानंदी मला नंतर म्हणाली, आई म्हणत होती, दमलास ना. हात दुखला असेल.

मग त्यांनी अंगठा उचलला.

माणूस ओरडला नाही. त्या खेळात तो ओरडत नाही. निळा सदरा लहान होत गेला आणि धुक्यात शिरला. ढोल थांबला. पडद्यावर अक्षरं आली आणि त्यातला एक शब्द लुकलुकू लागला.

काकूंचा चष्मा बाहेर राहिला होता. "काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला नको होतं, पण त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"पुन्हा खेळणार का, विचारतोय."

काकूंनी ते ऐकलं. लुकलुकणाऱ्या शब्दाकडे पाहिलं. तो उजळत होता, जात होता. त्यांनी डावा हात बोर्डाकडे नेला. स्वानंदीने त्यांचा हात धरला. अडवायला की आधाराला, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

"पुरे रे राजा," काकू म्हणाल्या आणि बोर्डावरचं बटण वर केलं.

पडदा काळा झाला. दिवा गेला. खोलीत सकाळचं ऊन होतं, त्यामुळे काळोख पडला नाही. फोटोची काच नुसती काच झाली.

स्वानंदी वायरीवरची चिकटपट्टी सोडवू लागली. एक एक तुकडा, हळू. ती रडत होती आणि काम करत होती. मी फुगलेली बॅटरी वाळूत ठेवली. नवी खिशात टाकली.

काकू खुर्चीतच होत्या. उजवा हात मांडीवर उताणा. अंगठ्यावर त्या बटणाचा गोल खोल उमटला होता, आणि गोलाच्या आत त्याची खूण. त्या ते पाहत होत्या. डाव्या हाताने त्याला शिवल्या नाहीत. ते पुसट होत होत पूर्ण निघून जाईपर्यंत त्या पाहत राहिल्या, आणि तोवर आम्ही दोघांनी त्यांना हाक मारली नाही.